दारातला पाव्हणा

प्रिय सिद्धोधन,

जय भीम. फोन सोडून पत्र लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. तुझा फोन महारुद्र अण्णांनी घेऊन दिलेला, कार्डही त्यांच्याच नावावर, आणि मागच्या खेपेला आपण बोलत होतो तेव्हा पलीकडे तुझ्याशिवाय आणखी कोणीतरी खाकरलं. मी विचारलं तर तू म्हणालास, कोणी नाही. तेव्हापासून मी फोनवर जेवलास का एवढंच विचारते आणि ठेवून देते. हे पत्र गोपाळच्या हाती पाठवते आहे. गंगाखेडच्या स्टँडबाहेर त्याच्या चहाच्या गाड्यावर तू रोज येतोस, हे त्यानंच मला सांगितलं. तिथेच गाड्यामागे उभा राहून वाच. अण्णांच्या दुकानात नेऊ नकोस.

मी घाबरले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे आई उगाच फाटे फोडते आहे असं तुला वाटायला नको. मला अण्णांची भीती वाटते, तुझ्यासाठी भीती वाटते, आणि अजून एक भीती आहे, ती कागदावर उतरवायला हात धजत नाही. बघू, लिहिता लिहिता धीर आला तर.

घरचं म्हणशील तर शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. बबिताची बारावी संपली. मराठीचा पेपर लय सोपा गेला म्हणते, म्हणजे बाकीचे अवघड गेले असणार. ती सध्या घरी नाही. सुट्टी आहे म्हणून पाहुणचाराला धाडली, असं मी सगळ्यांना सांगते, आणि तुलाही तेवढंच सांगते. आपल्या गल्लीतून हल्ली एक मोटरसायकल जाते. ती थांबत नाही, कोणी काही बोलत नाही, फक्त आपल्या दारासमोर आली की तिचा वेग कमी होतो. मी मशीनवर बसलेली असते. आवाज ऐकला की माझा पाय आपोआप थांबतो, आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ पुन्हा चालत नाही. राहीबाईच्या सुनेच्या ब्लाउजची बाही त्यात उलटी लागली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

तू लहानपणी एका जागी बसलास, असं मला आठवतच नाही. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, "धम्मशीलाबाई, ह्या लेकराच्या बुडाखाली इंचू हाय का वो?" विहारात वंदना चालू असताना सगळी मुलं हात जोडून बसायची आणि तू पाणी पिऊन यायचास, मग लघवीला जायचास, मग बाहेर कुत्रं भुंकलं म्हणून बघून यायचास. तुझे बाबा हसायचे. म्हणायचे, ह्याला बसून खायचं काम लागलं तर हे पोरगं उपाशी मरंल. तुझे बाबा आज नाहीत हे मी कधीही बरं मानलं नव्हतं. मागच्या महिन्यात एकदा मानलं.

आयटीआय झाल्यावर तू किती हिंडलास ते मी बघितलं आहे, तेव्हा तुझ्यावर कसला आरोप करायला बसलेली नाही. कारखान्यावर हंगामापुरतं घेतलं, हंगाम सरला, काम सरलं. पुण्याला गेलास, अंगावर खरूज घेऊन परत आलास. मग एके दिवशी नव्या गाडीवर आलास आणि म्हणालास, अण्णांकडे वसुलीचं काम लागलं. अण्णांचं सोनपेठला खताचं दुकान आणि गंगाखेडला दुसरं, एवढंच मला ठाऊक. खतामागे व्याजाचा धंदा चालतो हेही कानावर होतं, पण मला वाटलं बँकेसारखंच काहीतरी असेल, चिठ्ठ्या पोचवायच्या, पावत्या फाडायच्या. मी विहारात पेढे वाटले. कस्तुराबाईनं दोन घेतले, एक तिथे खाल्ला आणि एक पदराला बांधला.

खरं काय ते मला माझ्याच कामातून कळलं. बाई मापाला उभी राहिली की तिचं तोंड सुटतं, हे तुला माहीत आहे. टेप पाठीवर लागला की सासू, नणंद, नवरा सगळे बाहेर पडतात. तर हल्ली बायका मापाला येऊन गप्प उभ्या राहायला लागल्या. मला वाटलं, माझंच काही चुकलं. शेवटी दगडाबाईनं सांगितलं, आणि तेही कौतुकानं. म्हणाली, "तुमचा सिद्धू आमच्या नणंदंच्या दारात बसला व्हता की. पर पोरगं गुणाचं हाय बगा. वर मान करून बघत न्हाई." मी तिच्या खांद्याचं माप घेत होते. दोनदा घेतलं आणि दोन्हीदा वेगळं आलं.

तू ज्या कामाला आहेस त्याचा अर्थ तुला कोणी सांगितला नसेल, म्हणून मी सांगते. अण्णा कोणावर हात उगारत नाहीत, शिवी देत नाहीत, कागद धाडत नाहीत. व्याजाची तारीख टळली की सकाळी एक माणूस दारात येतो. ज्याचा जो नमस्कार असेल तो घालतो, पाणी मागतो आणि ओट्यावर बसतो. दिवस मावळला की उठून जातो आणि सकाळी परत येतो. येणारे जाणारे विचारतात, "पाव्हणे आले वाटतं?" आणि हसून पुढे जातात. आणि आपल्याकडे दारात बसलेल्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत. म्हणून ज्या घरात द्यायला काही उरलेलं नाही त्या घरातली बाई आधी त्याच्यासाठी भाकरी थापते. तो जेवतो, मग लेकरं जेवतात. भाकरी तिच्या पिठाची आणि लाजही तिचीच. चार रोजात ती गळ्यातलं मोडते, नाहीतर शेळी विकते, नाहीतर अण्णा म्हणतील तिथे अंगठा देते. एकीचा नवरा पोलिसांकडे गेला होता. त्यांनी विचारलं, मारलं का, शिवी दिली का, मग काय लिहून घेऊ? तो परत आला. आपली सगळ्यांची चूक अशी की त्याला पाव्हणा हे नाव आपणच दिलं. एकदा पाव्हणा म्हटलं की त्याला ऊठ कोण म्हणणार?

आता कस्तुराबाईचं. ती कोण हे तुला सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण तू विसरला असशील तर सांगते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. या गावातली निम्मी लेकरं तिच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून न्हाली आहेत. मला तुझ्या वेळी टायफॉइड झाला, तेव्हा सव्वा महिना तुला तेल, पाणी, धुरी सगळं तिनंच केलं. तुझं नाक बसकं होतं, ते रोज चिमटीत धरून तिनं वर आणलं. आज लोक तुला देखणा म्हणतात त्यात तिचा हात आहे. अण्णांच्या नातवालाही तिनंच न्हाऊ घातलं. एरवी त्या घरात आपल्या हातचं पाणी चालत नाही, बाळंतपणात मात्र आपला हात चालतो.

तिच्या लेकीचं बाळंतपण अडलं. परभणीच्या दवाखान्यात पोट फाडावं लागेल म्हणाले, आधी पैसे भरा म्हणाले. अण्णांनी त्याच दुपारी दिले. पैसे द्यायला ते कधी उशीर करत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिला सोनपेठला नेऊन तिच्या घराचं खरेदीखत आपल्या बायकोच्या नावे करून घेतलं. म्हणाले, "नुसतं तारण हाय मावशी, फिटलं की फिरवून देतो." ती भरत राहिली. प्रत्येक घरी न्हाऊ घालून मिळेल ते अण्णांकडे जायचं आणि सगळं व्याजातच जिरायचं. मग लेकीचं दुसरं आजारपण निघालं, दोन हप्ते चुकले, आणि तिच्या दारात तू आलास.

मी त्या दिवशी तिच्याकडे मागच्या बाजूनं गेले होते, शेवग्याच्या शेंगा द्यायला. तू ओट्यावर पाठमोरा बसलेला. तिनं तुझ्यापुढे ताट ठेवलं, पिठलं, भाकरी, वर फोडलेला कांदा. विचारलं, "तिखट झालं का रं सिद्धू?" तू म्हणालास, "न्हाई मावशी." तुझ्या तोंडून मावशी ऐकलं आणि मी शेंगा तिथेच चुलीशी ठेवून परत फिरले. तुला बोलवायला हवं होतं, हाताला धरून उठवायला हवं होतं, पण केलं नाही.

नंतर दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली ते न्हाऊ घालायचं तांब्याचं घंगाळ घेऊन. म्हणाली, "ठिव तुज्याजवळ. मला आता काय करायचंय." सोनं ठेवून घे म्हणाली असती तर मी घाबरले नसते. पण घंगाळ नसेल तर ही उद्या कोणाच्या घरी जाणार? म्हणजे हिला उद्या नकोच आहे, हे माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापासून मी तिला एकटीला गंगेच्या काठी जाऊ दिलं नाही. धुणं धुवायला मी बरोबर, परसाकडला मी बरोबर. ती चिडायची. म्हणायची, "काय पोलीस हायीस का?" चिडली की मला बरं वाटायचं.

गेल्या साली राखीव जागेवरून मी ग्रामपंचायतीत निवडून आले, तेव्हा तू माझी थट्टा केली होतीस, आई आता सही करून चहा पिणार म्हणून. खरंच बरेच महिने तेवढंच चाललं. पण कस्तुराबाईचं घर अण्णांच्या बायकोच्या नावे लावा, असा अर्ज बैठकीत आला, आणि आपल्या नव्या ग्रामसेविका राजेश्री मॅडम वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, या एका बाईंना आपल्या गावात इतकी घरं कशाला हवीत? याआधीची तीन घरंही त्यांच्याच नावे गेली होती. सरपंच खिडकीबाहेर बघत होते. मॅडमचं वय बबिताहून फार नसेल, पण त्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला आणि तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयातून साहेबांनाच ग्रामसभेला बोलावलं.

साहेबांनी सोप्या भाषेत सांगितलं. परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. परवाना असला तरी पावती द्यावी लागते, हिशेब दाखवावा लागतो. कर्जापायी लिहून घेतलेलं घर किंवा जमीन चौकशी होऊन परत मिळू शकते. आणि मग म्हणाले, कर्जदाराच्या घराशी घुटमळणं, तिथे ठाण मांडणं, हाही याच कायद्यात गुन्हा आहे, करणाऱ्यावरही आणि करायला लावणाऱ्यावरही. दगडाबाईनं विचारलं, "म्हंजी साहेब, पाव्हण्याला बी धरतेत का?" ते म्हणाले, हो. तेव्हा सगळी सभा माझ्याकडे वळली. आणि माझ्याकडे बघताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. ज्या कायद्यानं कस्तुराबाईचं घर वाचणार होतं त्यातच तू अडकणार होतास, हे मला त्या एका शब्दात कळलं. मला अजूनही तो 'हो' ऐकू येतो. मशीन चालवताना येतो, पाणी भरताना येतो.

ठराव झाला. ज्याच्या दारात असा माणूस बसेल तिथे पंचायतीच्या माणसांनी जाऊन बसायचं, तक्रारदाराला एकट्याला कुठल्या कार्यालयात पाठवायचं नाही, आणि चौकशी होईपर्यंत घर दुसऱ्याच्या नावे लावायचं नाही. आणखी एक गोष्ट मॅडमनी तोंडी सांगितली. पाणी मागितलं तर द्या, जेवायला घालू नका, आणि त्याला पाव्हणा म्हणू नका. हात सगळ्यांनी वर केले. मीही केला. आपल्या वॉर्डाची सदस्य मी, त्यामुळे पहिल्यांदा बसायचं मला आलं.

ठरावानंतरच्या बुधवारी तू कस्तुराबाईच्या दारात परत आलास. मी त्या ओट्यावर तुझ्यापासून हातभर अंतरावर बसले. पलीकडे दगडाबाई आणि सुमनबाई. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस, मग समोरच्या लिंबाकडे बघत राहिलास. तुझा डावा पाय हलत होता. शर्टाची बाही खांद्याला उसवलेली होती. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही रे, फक्त ती बाही. सुई-दोरा असता तर अंगावरच टाके घातले असते, असं वाटायचं, आणि मग आपण इथे कशाला आलो आहोत ते आठवायचं. दुपारी सगळ्यांनी आपापल्या भाकरी सोडल्या. कस्तुराबाई आत भिंतीला टेकून बसलेली, बाहेर आलीच नाही. माझ्या फडक्यात तुझ्या आवडीची तिळाची चटणी होती. मी फडकं सोडलं नाही. सुमनबाई हळूच म्हणाली, "लेकरू हाय की वो, घाला की घासभर." मी नाही म्हणून मान हलवली. पोटच्या पोराला शेजारी बसवून उपाशी ठेवलं मी, उन्हं कलेपर्यंत. तू पाणीसुद्धा मागितलं नाहीस. उठलास, गाडी सुरू केलीस आणि गेलास. तो तुझा या गावातला शेवटचा दिवस. अण्णांनी तुला गंगाखेडला नेलं, आणि तुला वाटलं असेल की बढती मिळाली.

चार दिवसांनी अण्णा स्वतः आपल्या घरी आले. एकटेच आले, पांढरेशुभ्र कपडे, हातात बबितासाठी पेढ्यांचा पुडा. मशीनचं कौतुक केलं, घरच्या बायकांचे ब्लाउज शिवायला टाकतो म्हणाले. मग म्हणाले, "सिद्धू आता आमच्या घरचाच हाय, ताई. त्याला आमी कुटं बी एकट्याला सोडत न्हाई. रस्ते बेकार झालेत, गाडीवर फिरतंय पोरगं. तुमी काळजी करू नका." एवढंच बोलले. मी चहा दिला. ज्यांच्या घरात आपल्या हातचं पाणी चालत नाही, ते हसले आणि चहा सगळा प्याले. मला माहीत आहे, हे तुला सांगितलं तर तू म्हणशील की अण्णा मनानं चांगले आहेत, त्यांनी काळजीनंच म्हटलं असेल. घाबरून का होईना, माझ्याही तोंडून त्यांचं अहो-जाहो सुटत नाही, बघ. पण तू गाडीवर असलास आणि फोन उचलला नाहीस की मी घरातून बाहेर येते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. गंगाखेड काय इथून दिसतं का?

कस्तुराबाईनं तरीही तक्रार दिली. मॅडम बरोबर होत्या, मी होते. साहेबांचं पथक आलं, अण्णांच्या सोनपेठच्या दुकानाची झडती झाली. पंच म्हणून उभं राहायला अख्ख्या बाजारपेठेत कोणी तयार होईना, तेव्हा दुसऱ्या कार्यालयातले दोन कर्मचारी आणावे लागले. सह्या केलेले कोरे चेक आणि बॉन्ड सापडले म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकान परत उघडलं, आणि अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले, सगळ्यांना नमस्कार घालत. त्याच आठवड्यापासून ती मोटरसायकल आपल्या गल्लीतून जाते.

आता नीट वाच, कारण तुझा संबंध इथे येतो. अण्णांचं म्हणणं असं की मी या बाईला कधीच पैसे दिले नाहीत, घर रीतसर विकत घेतलं. खरेदीखतावर तिची सही आहे, त्यामुळे तोंडावर ते खरंच वाटतं. फक्त एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. घर जर विकत घेतलं होतं, तर तिच्या दारात वसुलीला माणूस कशाला बसवला? म्हणून ते म्हणतात, माझा माणूस कधी बसलाच नाही. चौकशीच्या दिवशी कार्यालयात साहेबांनी कस्तुराबाईला विचारलं, कोण बसायचं? ती म्हणाली, "नजर कमी झाली साहेब. कोण व्हतं, दिसलं न्हाई." एका दिवसाच्या बाळाची कावीळ जिला उंबऱ्यातून दिसते, ती असं म्हणाली. दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारी, खोटं बोलणार नाही म्हणणारी कस्तुराबाई. तिला तुझा चेहरा दिसत होता आणि शेजारी बसलेली मी दिसत होते. आपलं घर जाऊ द्यायला तयार झाली ती, पण तुझं नाव घेतलं नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, पंचायतीच्या वतीनं तुम्ही दिवसभर त्याच्या शेजारी बसला होता ना, मग तुम्ही सांगा. कस्तुराबाईनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. मी सांगितलं, सिद्धोधन सिताराम. साहेबांनी विचारलं, ओळखीचा? म्हटलं, माझा मुलगा आहे, पोटचा. त्यांनी लिहायचं थांबवलं, मला पाणी दिलं, म्हणाले, विचार करून सांगा. मी पाणी प्याले आणि परत तेच सांगितलं.

तुझ्या नावाची नोटीस निघणार आहे. ती तुला अण्णांसमोर मिळायच्या आत, तुझं नाव कोणी दिलं ते माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी सकाळी मी साहेबांच्या सोनपेठच्या कार्यालयात असेन, राजेश्री मॅडमही असतील. एसटीनं ये, ती गाडी तिथेच ठेव. कोणी बसवलं ते तू आपणहून सांगितलंस तर तुझ्याकडे साक्षीदार म्हणून बघायचा प्रयत्न करू, असं साहेब म्हणाले. शब्द दिलेला नाही, तेव्हा मीही देत नाही. आणि आता ती भीती, जी वर लिहिता आली नाही. हे पत्र तू अण्णांना दाखवू शकतोस. लिहायला बसले तेव्हापासून मला ते माहीत आहे. कस्तुराबाई आता तिच्या घरी नाही, आम्ही तिला हलवलं आहे, आणि तिचा माग काढायला अण्णा तुलाच धाडतील, कारण तुला बघून ती दार उघडेल. ती कुठे आहे ते मी तुला लिहिलेलं नाही, सिद्धू. विसरले म्हणून नव्हे.

नाव सांगितलं तरी तुझीच,
आई